"पाहिलं मी स्टेटसला" - मग आता सांगायचं काय?

गोदाकाठची | १२ जुलै, रात्री ११:१८

नमस्कार मंडळी. वाचक जुनी आहे इथली, धागा पहिल्यांदाच काढतेय. मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखनवाल्यांनी जरा कानाडोळा करा.

तर झालं असं की मी राहते नाशिकला, गंगापूर रोडला, आणि माझी ताई जेलरोडला. एकाच गावात असून महिना महिना भेट नाही, द्वारका चौकात अडकलं की तासाची निश्चिंती, त्यामुळे जायचं म्हणजे आदल्या दिवशीच ठरवावं लागतं. परवा गेले. डोक्यात एकच विषय, मे महिन्यात आम्ही दोघं त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगरावर गेलो होतो तिथे माकडाने ह्यांचा चष्मा पळवला, ती सगळी गंमत ताईला सांगायची. रिक्षात बसल्या बसल्या सुरुवात कुठून करायची तेसुद्धा मनात ठरवलं होतं (मला तशी सवय आहे, हसू नका). ताईने चहा ठेवला, मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, अगं ब्रह्मगिरीला काय झालं माहितीये का. तर ताई आलं किसता किसता म्हणाली, "माकडाने चष्मा नेला ना, पाहिलं मी स्टेटसला."

झालं. आलं किसून झालं, चहा उकळला, गाळला, आणि मग आम्ही दोघी टोमॅटोच्या भावावर बोललो.

ताई चुकीचं काहीच बोलली नाही हो. स्टेटस मीच टाकलं होतं, ह्यांचा बिनचष्म्याचा फोटो आणि खाली हसणारे तीन चेहरे. पण त्यात होतं ते तेवढंच, खरी गोष्ट तर त्याच्या पुढे होती आणि ती माझ्या तोंडातच राहिली. येताना रिक्षात इतकं विचित्र वाटत होतं, म्हणजे राग नाही, वाईटही नाही, कोणाकडे डबा घेऊन जावं आणि त्यांचं जेवण झालेलं असावं तसं.

तुमच्याकडे होतं का असं? सगळ्यांना सगळ्यांचं आधीच माहीत असेल तर माणसाने माणसाकडे जाऊन करायचं काय?

उगाचच | १२ जुलै, रात्री ११:३१

+१. आमच्याकडे "लाईक केलंय की मी" म्हणतात.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), चष्मा मिळाला का?

गोदाकाठची | १२ जुलै, रात्री ११:४०

मिळाला. पण कसा ते इथे नाही सांगणार. आधी ताईला सांगायचंय. नाहीतर ती म्हणेल वाचलं मी धाग्यावर.

ओझरकर | १३ जुलै, सकाळी ६:०५

मॅडम, तुमचं म्हणणं समजलं, पण दुसरी बाजू मांडतो, कारण अशा धाग्यांवर थोड्या वेळाने "पूर्वी कसं छान होतं" सुरू होतं आणि मग त्याला अंत नसतो.

मी १९८३ ला ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात लागलो. घर सोलापूरकडे, आईवडील गावी. गावात फोन एकच, तो पोस्टात. महिन्यातून एक आंतरदेशीय पत्र यायचं, तेही वडिलांनी शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेलं, म्हणजे वडिलांचा आवाज कमी आणि त्या पोराचं अक्षर जास्त. वडील गेले ते मला तारेने कळलं. तार आली की आमच्या कॉलनीत बायका आधी रडायला लागायच्या आणि मग ती फोडून वाचायच्या, निम्म्या वेळेला आत बारशाचं निमंत्रण निघायचं. (ती तारही २०१३ च्या जुलैत बंद झाली, पेपरात वाचलं तेव्हा खरं सांगतो बरंच वाटलं मला.) नंतर एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून साडेदहापासून रांग. आत काचेच्या खोक्यात उभं राहायचं, कानाला रिसीव्हर आणि डोळे त्या पळणाऱ्या लाल आकड्यांवर. आईशी माझं बोलणं काय व्हायचं, "बरी आहेस ना, पैसे मिळाले ना, ठेवतो". ह्याला कोणी जुनी घट्ट नाती म्हणत असेल तर मला ती नकोत.

आता माझी मुलगी कॅनडात आहे. नात साडेतीन वर्षांची. रोज रात्री आमचं जेवण होतं तेव्हा तिचा नाश्ता असतो, टेबलावर फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतो आणि दोन घरं एकत्र खातात. ती मला गोष्ट सांगते, मी तिला सांगतो. ह्या डिसेंबरात पहिल्यांदा इकडे आली, घरात पाऊल टाकलं आणि माझ्या पायांकडेच बघत राहिली. माझी बायको म्हणाली लाजतेय. तर मुलगी हसायला लागली, "बाबा, तिने तुम्हाला छातीच्या खाली कधी पाहिलंच नाहीये." पुढचे दोन दिवस ती माझ्या चपला घालून घरभर फिरत होती.

तर असं आहे. थोडं आहे थोडं नाही. पण जे आहे ते लाखाचं आहे हे विसरू नका.

खवचट | १३ जुलै, सकाळी १०:२२

धागाकर्तीला एकच प्रश्न. ताई काही सांगायला लागली तेव्हा तुम्ही स्वतः किती वेळा "पाहिलं" म्हणालात?

(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

द्राक्षबाग | १३ जुलै, दुपारी २:४७

राम राम मंडळी. पिंपळगावकडचा आहे, शेतकरी माणूस, लिहायची सवय नाही.

आमच्याकडं स्टेटस सांगायसाठी नसतंच भो. आमच्याकडं ते टोमण्यासाठी असतं.

आम्ही दोघं भाऊ, वाटण्या झाल्या, विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षांपूर्वी वाजलं, तेव्हापासून आमची मंडळी आणि वहिनी बोलत नाहीत. घर एकाला एक लागून, मधी एक भिंत, इकडं कुकरची शिट्टी झाली तर तिकडं मोजतील एवढं जवळ. तर सकाळी सहाला वहिनीचं स्टेटस येतं. गुलाबाचं फूल, उगवता सूर्य, आणि त्याच्यावर लिहिलेलं, विहिरीचं पाणी आटलं तरी चालेल पण मनातली माणुसकी आटू नये. आता बघणाऱ्याला वाटंल काय छान विचार आहे. पण अख्ख्या भावकीला माहीत की हे कालच्या मोटारीवरून आहे. साडेसहाला आमच्या मंडळींचं उत्तर. त्यात दिवा असतो, समई असते, आणि खाली, जो दुसऱ्याचं हिसकावून घेतो त्याच्या अंगणात तुळस रुजत नाही. असे रोज. हे सुविचार तयार कुठून मिळतात देव जाणे, जणू आमच्या विहिरीसाठीच कोणीतरी बनवून ठेवलेत.

पण गंमत सांगतो. दोघी एकमेकींचं स्टेटस सगळ्यात आधी बघणार. आणि स्टेटस दिसायला नंबर दोघींच्याबी फोनात सेव्ह लागतो, एकीनं उडवला तर दोघींचं बंद. मी एकदा म्हटलं, एवढा राग आहे तर नंबर काढून टाक. तर माझ्यावरच भडकली, "मग मला कळंल कसं ती काय म्हनती ते?" दोन वर्षं झाली बोलणं नाही पण नंबर जपून ठेवलाय. आता ह्याला नातं तुटलं म्हणायचं का टिकलं, तुम्हीच सांगा.

माझा स्वतःचा अनुभव, गेल्या हंगामात व्यापारी गाडी भरून घेऊन गेला, मी हौसेनं क्रेट भरलेल्या ट्रकचा फोटो टाकला. रात्री नऊच्या आत औषधवाल्याचा उधारीसाठी फोन आणि सकाळी पाहुण्यातला एक जण उसने मागायला दारात. पैसे अजून मला पण मिळाले नव्हते. तेव्हापासून मी फक्त देवाचं टाकतो.

उगाचच | १३ जुलै, दुपारी ३:१०

(हसून हसून गडबडा लोळणारी बाहुली)

द्राक्षबाग, हा वेगळा धागा काढा. तुळस वगैरे अगदी डोळ्यासमोर आलं.

मास्तर_सिडको | १३ जुलै, रात्री ९:५६

विषय माझ्या आवडीचा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

आधी व्हॉट्सॲपला स्टेटस म्हणजे नावाखाली एक ओळ असायची, "बिझी", "झोपलोय", नाहीतर बॅटरी संपत आलीय. २४ तासांत पुसलं जाणारं फोटोचं स्टेटस आलं फेब्रुवारी २०१७ मध्ये. कल्पना त्यांची नव्हे, स्नॅपचॅटने २०१३ ला स्टोरी आणली, इन्स्टाग्रामने २०१६ च्या ऑगस्टमध्ये ती जशीच्या तशी उचलली आणि मग ती व्हॉट्सॲपवर आली. त्याच काळात, सप्टेंबर २०१६ ला, आपल्याकडे जिओ सुरू झालं आणि सुरुवातीचे काही महिने डेटा फुकट होता. म्हणजे फुकट इंटरनेट आणि स्टेटस ही दोन्ही सहा महिन्यांच्या आत एकाच हातात आली. त्याआधी फोटो पाठवताना माणूस विचार करायचा, नेटपॅक संपेल म्हणून, आणि कोणाला पाठवायचा तेही ठरवायचा. ताईला पाठवलेला फोटो हा ताईला पाठवलेला असायचा. स्टेटसला "कोणाला" हा प्रश्नच राहिला नाही. माझ्या मते धागाकर्तीचं दुखणं नेमकं इथे आहे. बहिणीला सांगायची गोष्ट तुम्ही गॅसवाला, इस्त्रीवाला, मुलाच्या जुन्या क्लासचे सर आणि बहीण अशा सगळ्यांना एकदमच सांगून टाकली, त्यामुळे ती कोणालाच सांगितली गेली नाही.

दुसरं, चार्ल्स कूली नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने १९०२ साली मांडलं की आपला "मी" हा लोकांच्या आरशात पाहून बनतो. आधी आपण कल्पना करतो की मी समोरच्याला कसा दिसत असेन, मग कल्पना करतो की त्याचं माझ्याबद्दल काय मत होत असेल, आणि मग त्यावरून स्वतःशीच फुशारतो नाहीतर शरमतो. लक्षात घ्या, सगळी कल्पनाच. पूर्वी लग्नात नवी पैठणी नेसून गेलेली बाई लोकांच्या नजरा वाचायची, अंदाज बांधायची, अंदाज चुकायचेही आणि त्या चुकण्यावर तिची निम्मी अब्रू सुरक्षित असायची. आता खाली डोळ्याची खूण आणि आकडा येतो. ४७ जणांनी पाहिलं. नावानिशी यादी. आणि पाहून गप्प बसले त्यांचीही यादी तीच. कल्पनेला जागाच नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या तेव्हापासूनच हे सुरू झालं, "वाचलं नसेल" असं म्हणून स्वतःची समजूत घालायची सोय गेली.

तिसरं (हो संपत आलं), लिंडा हेंकेल म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, २०१४ साली त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना कलासंग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे कमी आठवले. पण ज्या वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करायला सांगितलं होतं तिथे असं झालं नाही. म्हणून मला आपलं वाटतं की धागाकर्तीला जे सांगायचं राहिलंय ते बहुतेक फोटो न काढलेलं असणार.

खवचट | १३ जुलै, रात्री १०:०३

मास्तर, घंटा झाली. पोरं दप्तर भरून बसलीत.

गोदाकाठची | १४ जुलै, दुपारी १:१५

मास्तर, बरोबर ओळखलंत. फोटो नाहीये त्याचा.

@खवचट, तुमच्या प्रश्नाने रात्री झोप लागली नाही, म्हणून उत्तर देतेय. कार्तिकीला ताई तिच्या भजनी मंडळाबरोबर पंढरपूरला गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा. भावजींचं सगळं करण्यात तिची २० वर्षं गेली, ते गेल्यावर कुठे ती बाहेर पडली. परत आली त्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला, मी पोळ्या करत होते, फोन स्पीकरवर डब्यावर ठेवलेला. ती म्हणाली, "अगं वाळवंटात पाय ठेवला ना..." आणि मी म्हटलं, "पाहिले गं फोटो, छान आलेत." तव्यावरची पोळी फुगली होती ती उलटायची घाई, दुसरं काही नाही. ताई जरा थांबली आणि म्हणाली, "हो ना, छान आलेत." मग तिने विचारलं काय भाजी केलीस.

ताईला पंढरपुरात काय वाटलं ते मला आजतागायत माहीत नाही. फोटो मात्र पाठ आहेत, नऊ होते.

कॉलेजरोड_वाली | १४ जुलै, रात्री ११:५९

काकू, शेवटचं वाचून खरंच कसंतरी झालं.

पण थोडं आमच्या बाजूने. मी २३ ची आहे आणि ह्या धाग्यावर सगळे धरून चालले आहेत की तरुण लोकं सगळं जगासमोर मांडतात. उलट आहे. माझ्या ग्रुपमध्ये मोठ्या अकाऊंटवर कोणी काहीच टाकत नाही, तिथे फक्त ग्रॅज्युएशनचा फोटो आणि कोणाच्या तरी लग्नातला. खरं सगळं दुसऱ्या अकाऊंटवर, तिथे १४ जण आहेत, रडतानाचे व्हिडिओपण टाकतो आम्ही. आणि कोणी काही टाकलं की मेसेज येतो "काय झालं, सांग", म्हणजे पाहिलं की सांगणं संपत नाही, तिथून सुरू होतं. तुमच्या पिढीने स्टेटस म्हणजे नोटीस बोर्ड करून ठेवलाय त्याला स्टेटस काय करणार. आमच्या घरी आईचे दिवसाला १७ असतात, शेवटचं बघेपर्यंत पहिलं पुसलं जातं.

मला वेगळाच त्रास आहे. मी घरून काम करते, दिवसाला चार-पाच व्हिडिओ मीटिंग. आणि हळूहळू लक्षात आलं की मी समोरच्याकडे बघतच नाही, माझ्याच चौकोनाकडे बघत असते. बोलताना माझी डावी भुवई वर जाते हे मला आधी माहीतच नव्हतं, आता मी मैत्रिणीशी कॉफी प्यायला बसले तरी मला ती भुवई जाणवते. समोर स्क्रीन नाही, आरसा नाही, तरी मी स्वतःला बाहेरून बघतेय. आजी म्हणायची तिन्हीसांजेला आरशात बघू नये, आम्ही सकाळी दहा ते संध्याकाळी सात आरशात बघतो आणि त्याचा पगार घेतो. तो चौकोन लपवता येतो, मी लपवलाही, तर मग सारखं वाटतं केस नीट आहेत ना. शेवटी परत चालू केला.

बाकी काही नाही. चष्म्याचं काय झालं ते कळल्याशिवाय मी हा धागा सोडणार नाही.

सातपूरची | १५ जुलै, रात्री ८:४०

बरेच दिवस लिहू की नको करत होते. ओझरकर काकांनी लिहिलं म्हणून धीर आला.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. सातपूर एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहे, हुशार आहे, हाताला सोनं आहे म्हणतात त्याचे साहेब. तुम्ही सगळे एसटीडी बूथच्या आठवणी काढताय, त्याच्या आयुष्यात टेलिफोन ही गोष्टच नव्हती. घरात फोन वाजला की आम्ही सगळे उठायचो आणि तो आमच्या तोंडांकडे बघून ओळखायचा की चांगली बातमी आहे की वाईट. मोबाईल आले तेव्हा एसएमएस करायचा, पण आपल्याला वाटतं तितकं ते सोपं नाही, खुणांची भाषा ही मराठी नव्हे, तिची मांडणी वेगळी, त्यामुळे त्याचे मेसेज वाचून लोक हसायचे. मी पण हसलेय, आता लाज वाटते.

२०१६ च्या शेवटी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. त्या रात्रीचं सांगते. तो स्वयंपाकघरात गेला, पिठाचा स्टीलचा डबा ओट्यावर मधोमध ठेवला, त्याला फोन टेकवला आणि समोर उभा राहून जळगावच्या मित्राशी बोलायला लागला. दोन्ही हातांनी. हातात फोन धरला तर एकच हात मोकळा राहतो ना, एका हाताने बोलणं म्हणजे अर्धं तोंड बंद करून बोलणं. आम्ही सगळे दारात उभे. पावणेदोन तास. आई म्हणाली, हा एवढा बोलका आहे हे मला माहीतच नव्हतं. त्याचं लग्नही पुढे त्या जळगावच्या मित्राच्या ओळखीतूनच झालं. आमच्याकडे आजही तो डबा ओट्यावर मधोमधच असतो.

पण एक आहे. पूर्वी दर रविवारी हे सगळे गोल्फ क्लबच्या मैदानाशी जमायचे, वीस-पंचवीस जण, लांबून कोणी बघितलं तर वाटावं भांडण चाललंय इतके हात. देवळाली कॅम्पातून, अंबडहून, एक जण तर सिन्नरहून एसटीने यायचा. आता पाच-सहा येतात. मी भावाला विचारलं का रे, तर त्याने खांदे उडवले आणि खिशातला फोन दाखवला. मग थोड्या वेळाने परत माझ्याकडे आला आणि खुणेने म्हणाला, मैदानात एक जण बोलायचा तेव्हा वीस जण बघायचे. फोनवर एकच बघतो.

मास्तर_सिडको | १५ जुलै, रात्री ९:१२

ह्यावर मी काही बोलणार नाही. नमस्कार सांगा भावाला.

पंचवटीकर | १७ जुलै, पहाटे ५:३०

आमचं घर तीर्थोपाध्यायांचं. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांच्या वह्या आमच्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत, नामावळी म्हणतो आम्ही. गावाप्रमाणे, आडनावाप्रमाणे लावलेल्या. यजमान आला की जुनं पान काढून द्यायचं, त्याचे आजोबा पणजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, मुलं किती, सगळं त्यांच्याच हातचं असतं. खूप जुनी पानं मोडी लिपीत आहेत.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ अस्थी घेऊन आले होते, पन्नाशीचे, बाहेरदेशी स्थायिक. आडनाव, गाव विचारलं आणि वही काढली. आजोबांचं पान समोर ठेवलं, तर हात आधी खिशात गेला, फोटो काढला, तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकला. टिंग टिंग सुरू. हात जोडलेले, हार्ट, सगळं. त्यांनी तोपर्यंत पान वाचलेलंही नव्हतं. मी काही म्हणालो नाही, हल्ली सगळेच तसं करतात, आमचा मुलगाही वह्यांचे फोटो काढून ठेवतोय, वाळवीला काय भरवसा, ते योग्यच आहे.

मग मी पेन पुढे केलं, म्हटलं आता तुम्ही लिहा. वडिलांचं नाव, तिथी, तुमचं नाव, मुलांची नावं. त्यांनी पेन धरलं आणि तसेच बसले. म्हणाले, गुरुजी मराठी हाताने लिहून २५ वर्षं झाली असतील, टाईप करतो रोज, तुम्हीच लिहा ना. म्हटलं, नाही, यजमानाने स्वतःच लिहायचं असतं. पहिलं अक्षर तीनदा गिरवलं त्यांनी. मुलीच्या नावात ळ होता, तो कुठून वळवायचा ते आठवेना, मी बोटाने फळीवर काढून दाखवला. ग्रुपवर टिंग टिंग चालूच होतं, त्यांनी फोन उलटा करून ठेवला. पाच ओळींना वीस मिनिटं लागली. अक्षर वाकडंतिकडं, आजोबांचं वरती मोत्यासारखं, आणि खाली हे.

त्या पानाचा फोटो नाही काढला त्यांनी. मी विचारलं, घ्यायचा का फोटो, तर नको म्हणाले.

उगाचच | १७ जुलै, सकाळी ९:४४

गुरुजी, हे वाचून मी आत्ता ऑफिसात पेन घेऊन ळ काढून बघितला. आला. पण थांबून आला.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. आपल्याकडे का नाही करत असं?

खवचट | १७ जुलै, सकाळी ९:५१

गंगापूर रोडला भोंगा वाजवला तर लोक भोंग्याचं स्टेटस टाकतील.

द्राक्षबाग | १७ जुलै, दुपारी १२:२०

आमच्याकडं सात वाजता लाईटच जाते, भोंगा कशाला.

अपडेट: काल वहिनीनं स्टेटसच टाकलं नाही. आमची मंडळी सकाळपासून चार वेळा फोन बघून राहिली. शेवटी दुपारी पोराला पाठवलं, जा रे बघून ये मोठ्याई बरी आहे का. ताप होता.

कॉलेजरोड_वाली | १७ जुलै, दुपारी १२:२६

मग??

द्राक्षबाग | १७ जुलै, संध्याकाळी ७:०२

मग काय, पेज पाठवली पोराबरोबर. डबा रिकामा परत आला, घासलेला. आज सकाळी स्टेटस परत चालू. औषध कडू असतं तसं काही माणसं पण. आता हे कौतुक का टोमणा ह्याच्यावर आमच्या घरात चर्चा चालू आहे.

गोदाकाठची | ५ ऑगस्ट, रात्री १०:३३

धागा वर काढतेय, माफ करा. सांगितलं एकदाचं ताईला.

काल धरणातून पाणी सोडलं म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं गंगेवर गेलो पूर बघायला. (बाहेरच्यांसाठी, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पूर किती ते क्युसेकमध्ये नाही तर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं.) होळकर पुलावर ही गर्दी, सगळ्यांचे हात वर, फोन धरलेले. मी फोन पर्समध्येच ठेवला, मुद्दाम असं काही नाही, पाऊस होता आणि छत्री धरायची होती. तेवढ्यात पर्समध्येच वाजला. ताई.

म्हणाली, "पाहिलं का गं, मारुती पार बुडाला, आत्ता आला व्हिडिओ आमच्या ग्रुपवर."

मी म्हटलं, "ताई, मी मारुतीसमोर उभी आहे. कमरेला आहे पाणी."

"अगं नाही, बुडालाय, मी स्वतः पाहिला."

"तो २०१९ चा असेल, दरवर्षी फिरतो तो."

"नाही नाही, आजचाच आहे, खाली लिहिलंय आत्ताचं दृश्य म्हणून."

झालं, आमचं जुंपलं. पुलावर उभी राहून पावसात मी ओरडतेय की कमरेला आहे, ती तिकडून बुडाला म्हणतेय, आजूबाजूचे लोक बघतायत, हे म्हणतायत अगं हळू. शेवटी ताई जरा थांबली आणि म्हणाली, "बरं, कमरेला म्हणजे नक्की कुठपर्यंत? बेंबीच्या वर का खाली?"

कित्येक महिन्यांत ताईने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सांगितलं, खाली. मग तिने विचारलं, बाजार वाहून गेला का, टपऱ्या हलवल्या का, नारोशंकराच्या देवळाच्या पायऱ्या दिसतात का. मी एकेक सांगत गेले. मग तिचं सुरू झालं, २००८ ला भावजी कसे सराफ बाजारात अडकले होते आणि गुडघाभर पाण्यातून चप्पल हातात घेऊन आले होते ते. मला हे माहीतच नव्हतं! मग मी पंढरपूरचं विचारलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. पण मी रडले आणि पावसामुळे कोणाला कळलं नाही.

आणि मग चष्म्याचं सांगितलं. तर आता तुम्हालाही. माकड चष्मा घेऊन वर कड्यावर जाऊन बसलं, एका म्हाताऱ्या फुटाणेवाल्याने पुडी पुढे टाकली तेव्हा त्याने चष्मा सोडला, पण एक काडी तुटलेली. एका काडीचा चष्मा नाकावर टिकेना, बिनचष्म्याचं ह्यांना पायऱ्या दिसेनात. मग हे माझा हात धरून उतरले. अख्खी ब्रह्मगिरी. २६ वर्षांत चारचौघांत ह्यांनी माझा हात धरलेला मला आठवत नाही, लग्नात धरला होता तो भटजींनी सांगितलं म्हणून. खाली उतरल्यावर सपाटी आली, रस्ता आला, तरी सोडला नाही, आणि मीही काही बोलले नाही, बोलले तर सोडतील म्हणून. गाडीपर्यंत तसेच गेलो.

ताई बराच वेळ गप्प होती. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाली, "अगं, हे का नाही टाकलंस स्टेटसला?"